करवतीचा घास

“त्या ताईला सांगा राव कुणीतरी, करवतबी जेवती म्हणून,” कारखान्यात बारांवर कापायच्या खुणा करणारे मामा माझा कागद हातात धरून करवत चालवणाऱ्याला म्हणाले. मी दाराशीच होते. ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून पुढे गेले. मामांचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, असं आमच्या प्लॅनिंगच्या खोलीत सगळेच म्हणत.

लोखंडावर इतकी माया करणारा माणूस अख्ख्या चिंचवडात दुसरा नसेल. कापायला आलेला प्रत्येक बार ते आधी हातानं चाचपत, मग टेप लावत, मग कानावरचा खडू काढून खुणा करत. उरलेला वीतभर तुकडाही भंगारात जाऊ देत नसत; भिंतीशी उभा करून ठेवत. महिन्यांनी कुणाला नेमका तेवढाच हवा असला, की “हा बसलाय की वाट बघत,” म्हणून काढून देत. एका लग्नात तर अक्षता हातात धरून ते मांडवाच्या खांबाचीच लांबी जोखत होते. आकुर्डी स्टेशनावर रूळ न्याहाळत मला म्हणाले, “लय माल हाय ह्यात, ताई. पर रेल्वे देती व्हय!” मी नुसती हसले.

त्या कागदाच्या थोडंच आधी मोजणीचं यंत्र आलं होतं. बार सरकला की चाक फिरे आणि लाल आकड्यांत लांबी दिसे. त्यावरून कुठला बार कसा कापायचा, ते मी ठरवायचं. मामांनी कागदाबरहुकूम खुणा करायच्या, असा साहेबांचा हुकूम होता. सहा मीटरचा बार, एक मीटर वीसचे पाच तुकडे, शिल्लक शून्य. मी कागद मोठ्या दिमाखात खाली पाठवला. प्रत्येक बारचा शेवटचा तुकडा तोकडा निघाला.

“यंत्र चुकत नाही, मामा,” साहेब सगळ्यांदेखत ओरडले. “इतकी वर्षं झाली, अजून खूण करता येत नाही?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. कागदाची घडी करून खिशात टाकली. “हात हलला असंल, सायेब.”

पातं दर वेळी थोडं लोखंड खातं, तेवढं आधीच सोडायचं असतं, हे मला त्या क्षणी कळलं. तरी ते न सांगताच मी जिना चढून वर गेले. निवृत्तीला आठ महिने उरले असताना साहेबांनी मामांना भंगाराच्या आवारात धाडलं.

डबा खाऊन मी रोज तिथल्या कुंपणापर्यंत जायचे. ते गंजके तुकडे लांबीप्रमाणे लावत बसलेले असायचे. “जेवन झालं का, ताई?” “हो, मामा.” बसमध्ये जुळवलेलं कबुलीचं वाक्य तसंच माझ्याबरोबर परत यायचं. आत करवतीजवळच्या भिंतीशी आता एकही तुकडा वाट बघत नव्हता. मला मात्र उगीच तिकडे बघायची सवय लागली होती.

निरोपाच्या चहाला साहेबांनी शाल दिली, कौतुक केलं आणि हसत म्हणाले, “शेवटी एकदा हात हलला, पण चालायचंच.” मामाही हसले. कप खाली ठेवून मी उभी राहिले.

“मामांचा हात हलला नव्हता, सर. चूक माझी होती. करवतही जेवते, ते मी धरलंच नव्हतं.”