राणीच्या हातावरचं केचप

"अगं बाई, हिनं नवऱ्याला मारलं!" सुलभाताई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की न्यू जर्सीतल्या त्या कॉलेजच्या हॉलचं छप्पर हातभर वर गेलं. मी स्वतः पाहिलं.

आज नातवानं केचपची बाटली उघडली आणि तो आंबटगोड वास येताच मी पुन्हा त्या पहिल्या रांगेत जाऊन बसलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची लेक जुन्या ग्रीक नाटकात राणी झाली होती. राणी म्हणजे मुकुट, दागिने आणि मंद हसू, अशा समजुतीनं मी सुलभाताईंना मुलासकट परस्पर बोलावलं होतं. कांदेपोह्यांशिवाय मुलगी दाखवायची माझी युक्ती. लेकीला पत्ताही नव्हता.

आणि ही राणी! युद्ध जिंकून आलेल्या राजाला लाल गालिच्यावरून आत नेते, न्हाणीघरात जाळ्यात गुंडाळून मारते, आणि कोपरापर्यंत केचपनं माखलेले हात वर करून गावाला ठणकावते, होय, मीच मारलं! डोळ्यांत टिपूस नाही. शेजारी बसलेला सुलभाताईंचा मुलगा इतका पांढरा पडला की त्याच्या उजेडात कार्यक्रमपत्रिका वाचता आली असती.

आता आठवतात ते लेकीचे न थरथरणारे हात. तेव्हा मात्र मला फक्त मोडलेलं स्थळ दिसत होतं. पार्किंग लॉटमध्ये मी उसळलो, "अगं, ते लोक तुला बघायला आले होते! असली कसली राणी ही?"

ती टिश्यूनं बोटं पुसत म्हणाली, "बाबा, त्या राजानं लग्न ठरवलंय असं सांगून स्वतःच्या मुलीला बोलावलं आणि युद्धासाठी तिचा बळी दिला. राणी तिची आई होती."