सॉरीचा तपास

कुसगावच्या आबांनी उभ्या आयुष्यात कशावरही एका दमात विश्वास ठेवला नाही. घड्याळात बारा वाजले की ते अंगणात येऊन सूर्याला विचारून घेत. पण त्यांचा सगळ्यांत मोठा संशय होता तो एका इंग्रजी शब्दावर: सॉरी.

झालं असं, की भातशेताच्या चिखलणीला उसना नेलेला आबांचा बैल धाकट्या भावाच्या हातून पाय मोडून कायमचा बसला. ज्याचं चुकलं त्यानं दुखावलेल्याच्या दारात जाऊन पाणी मागायचं, ही आमच्या मावळातली माफीची रीत. पण भाऊ रेल्वेत लागलेला. तो फलाटावरच भेटला, "सॉरी, दादा" म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. आबांनी बोलणंच तोडलं. "येवढ्या थोरल्या बैलाला येवढुसा शब्द?"

मग तपास सुरू झाला. आबा लोणावळ्याच्या फलाटावर मुद्दाम पाय पसरून बसत. एखादा साहेब पायावर पाय देऊन सॉरी म्हणाला की डोळे मिटून पायाची विचारपूस करत आणि मला, गावच्या शाळामास्तराला, येऊन सांगत. "न्हाई मास्तर, ठणका हाय तसाच हाय. शब्द लबाड!" एकदा मडमेचं कुत्रं चावलं आणि सॉरी म्हणाली मडम. "चावलं त्यानं, बोलली ही. दोघांचं साटंलोटं हाय," आबांनी निकाल दिला.

शेवटी शब्दाचं कूळ काढायला ते माझ्या शाळेत आले. मी जाडजूड कोश उघडला.

"आबा, हा शब्द दुखण्यावरनं आलाय."

"कुनाच्या? ज्याला लागलं त्याच्या?"

"नाही, जो म्हणतो त्याच्या. माझ्या आत दुखतंय, असा मूळ अर्थ."

"छापनारा कोन हाय? वळखीचा हाय का?"

"पक्का माणूस आहे, आबा."

वाचता येत नव्हतं, तरी ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. "म्हंजी दोन वरसं त्याचं दुखतंय. आन मी हितं साहेबांच्या वाटंत पाय घालत बसलोय."

त्याच पावली ते भावाच्या गावी, औंढ्याला निघाले. मीही गंमत बघायला मागोमाग. भाऊ अंगणात पेंढा रचत होता. आबा दारात उभे राहून गरजले, "पानी दे रं!"

चूक धाकट्याची, आणि पाणी मागतोय थोरला! भाऊ पेंढा टाकून तांब्या भरून घेऊन आला. "दादा, सॉ..."

"नगं बोलू. दिसतंय मला."

गंमत बघायला गेलेला मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

आता दोघंही नाहीत. जिथं जाऊन पाणी मागायला हवं असं एक दार मलाही ठाऊक आहे. अजून तिथवर गेलेलो नाही.