सही न करणारे गावंडेकाका

दर्यापूरहून आयटीआयचा दाखला घेऊन मी अमरावतीला आलो, तेव्हा ‘आपल्याला सगळे येते’ अशी माझी पक्की समजूत होती. विद्युत ठेकेदार प्रल्हादराव गावंडे यांनी दाखल्याकडे पाहिलेसुद्धा नाही. एका अर्धवट बांधलेल्या घरात नेऊन ते म्हणाले, “डोये मीट अन् दारातून आत ये. भिंतीवर हात कुठं पडते, सांग.” जिथे हात पडला तिथे त्यांनी खडूने खूण केली. बटण तिथेच बसले. मला वाटले, म्हातारा चक्रम आहे!

आज काका पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, आणि त्या चक्रमपणाचा मला केवढा अभिमान आहे हे चारचौघांत सांगायची संधी मी सोडणार नाही. अकोल्याचे ठेकेदार थट्टेने म्हणतात, “गावंडेकाकाच्या घरात आंधयालेबी बटण सापडते.” म्हणोत बापडे. यापेक्षा मोठे मानपत्र आमच्या धंद्यात नाही.

काकांनी पहिल्यांदा माझ्या एकट्यावर सोपवलेले काम तिवशाच्या एका शेठजींच्या घराचे. घराला तळघर होते आणि त्यात उतरायला मागच्या अंगणातून अकरा पायऱ्या. पायऱ्यांचे बांधकाम तेव्हा अपुरे होते, म्हणून मी तिथे डोळे मिटून चाललोच नाही. नकाशा पाहिला, तळघरात दिवा दिला, त्याचे बटण खाली दाराशी बसवले आणि मोकळा झालो. बाहेर पायऱ्यांवर दिवाच नाही! म्हणजे उजेड करायचा तर आधी अंधारात अकरा पायऱ्या उतरायच्या.

वास्तुशांतीला दोन दिवस उरले होते. काका भर दुपारी तपासणीला आले, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभे राहून त्यांनी डोळे मिटले आणि भिंत चाचपली. हाताला काही लागेना. डोळे उघडून ते एवढेच म्हणाले, “सही नाही.”

काकांची सही नाही म्हणजे टेस्ट रिपोर्ट नाही, आणि रिपोर्ट नाही म्हणजे मीटर नाही. शेठजी भडकले. “काका, कालच रंग झाला भितीले! तयघरात काय, कूलरच त ठेवाचे हायेत.”

“कूलर ठेवा न. पन तो घेऊन उतरन कोन? माणूसच न? बाहेरच्या दाराशी दिवा पायजे, हा नियम हाय. तयघराचं दार काय दार नोय?”

“दुसरा ठेकेदार आत्ता सही करून देते.”

“बलवा त्याले. माह्या सहीसंगं दिवा लागते.”

शेठजींनी माझ्याकडे वळून विचारले, “कोनं केलं हे?” हे काम गेले तर पुन्हा कोण मला विचारणार? मी तोंड उघडण्याआधीच काका बोलले, “माह्या माणसानं केलं म्हंजे म्याच केलं.” आणि त्यांनी छन्नी-हातोडा उचलला. साठी ओलांडलेले काका ताज्या रंगाची भिंत फोडत होते आणि मी धूळ झाडत उभा होतो. जन्मात इतकी लाज वाटली नाही. संध्याकाळपर्यंत पायऱ्यांवर पावसात टिकेल असा दिवा लागला. त्याचे एक बटण वर मागच्या दाराशी, दुसरे खाली. मग सही झाली.

परतीच्या बसमध्ये मला वाटले, आता माझी धुलाई होणार. काकांनी एवढेच विचारले, “नक्शा पाहूनच निशान केलं न?” मी मान हलवली. “नक्शाले पाय नसते बावा,” असे म्हणून त्यांनी काकूंचा डबा माझ्यापुढे उघडला. पुढे लायसन्सच्या परीक्षेला त्यांनीच स्वतःची पुस्तके दिली आणि महिनाभर रोज सकाळी शिकवले.

यंदा त्याच शेठजींचा फोन आला. मुलगा अकोल्याला घर बांधतो आहे. “तुमी काम करा,” ते मला म्हणाले, “पन तपासाले काकाले आना. त्यायनं नाही म्हटलं, त आमी राहाले जानार नाही.” ऐकून माझी छाती फुगली, खोटे कशाला बोलू!

काका, आता माझ्याही सहीवर मीटर बसतात, आणि खरे सांगतो, भीती वाटते. तुमचे गुडघे मजबूत राहोत, नजर अशीच कडक राहो, शंभरी सहज पार होवो. माझे काम चुकले, तर तोंडावर ‘सही नाही’ म्हणणारे मला दुसरे कोणी नाही.