कव्हरवरची बाई गात नव्हती

जर्मनीत, कार्ल्सरूहेला, आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्कर गायिका राहतात. माझी मुलगी त्यांना ओमा, म्हणजे आजी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. अमेरिकन सैनिकाशी लग्न करून त्या विशीत अमेरिकेतून इथे आल्या. नवरा परत गेला, त्या राहिल्या. या भागात सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, गाणारी पहिली बाई त्याच, पण हे मला वर्षभर ठाऊकच नव्हतं. जिन्यात मुलांच्या सायकली ठेवू नका म्हणणाऱ्या शेजारीण, एवढीच ओळख.

एकदा तळघरात कपडे धुवायला गेले, तर त्या मशीनपाशी गात होत्या. मी दारातच थांबले.

"तुम्ही गाणं शिकलात?"

"शिकले नाही. गायले," त्या म्हणाल्या आणि घरी नेऊन मला चार रेकॉर्ड दाखवल्या. चारही कव्हरवर एकच सोनेरी केसांची मुलगी.

"ही कोण?"

"मॉडेल. निर्माता म्हणाला, तुझा आवाज चालेल, काळा चेहरा चालणार नाही. टीव्हीवर ती ओठ हलवायची. मी घरी बसून बघायचे."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

या वसंतात तीच गाणी नव्याने निघाली. कव्हरवर तीच मुलगी. ओमांचं नाव आतल्या पुस्तिकेत, 'साथीचे आवाज' या यादीत, शेवटून दुसरं. मी रेकॉर्ड कंपनीला मेल लिहिला. उत्तर आलं, 'मूळ कव्हर जपण्यात इतिहासाशी प्रामाणिकपणा आहे.' म्हणजे आधी धंद्यासाठी खोटं बोलायचं, मग ते खोटं जुनं झालं की त्यालाच प्रामाणिकपणा म्हणायचं.

प्रकाशनाचा कार्यक्रम आमच्याच गावात होता. ओमा नको म्हणत होत्या, मी त्यांना घेऊन गेले. एक संगीताचे जाणकार गाणी वाजवून त्या मॉडेलच्या 'दुखऱ्या आवाजा'बद्दल बोलत होते. मी हात वर केला.

"हा आवाज कव्हरवरच्या मुलीचा नाही. ज्यांचा आहे त्या इथे बसल्यात."

रागात माझ्या जर्मनचा पार चुथडा झाला. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ हसला. जाणकार म्हणाले, "बरं, प्रश्न शेवटी घेऊ," आणि पुढचं गाणं लावलं.

तेव्हा ओमा उठल्या. काठी खुर्चीला टेकवली आणि रेकॉर्डबरोबर गायला लागल्या. आवाज आता खाली उतरलाय, पण श्वास जिथे रेकॉर्डमध्ये घेतला होता तिथेच घेत होत्या. हसणारा गृहस्थ मान खाली घालून बसला. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या. जाणकारांनी "किती गोड आश्चर्य" म्हणत आभार मानले आणि घड्याळ पाहून पुढची स्लाइड लावली. त्यावरही तीच मुलगी होती.

परतताना ट्राममध्ये मी धुसफुसत होते. ओमा म्हणाल्या, "तू माझ्यापेक्षा जास्त चिडतेस."

"तुम्ही का चिडत नाही?"

"चिडले ना. तीस वर्षं. मग गुडघे गेले."

दोन महिन्यांनी कंपनीने पुस्तिकेत एक शुद्धिपत्र घातलं. मुख्य आवाज म्हणून ओमांचं नाव, स्पेलिंग चुकलेलं. कव्हर तेच. त्यांनी चष्मा लावून ती चिठ्ठी वाचली, चुकलेल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"लिही," म्हणाल्या. "आणि या वेळी माझी सही घे."

मी लॅपटॉप उघडला.