रांजणाशेजारचं कपाट

गेल्या आठवड्यात माझ्या ओट्याखालचं प्लायवूडचं कपाट फुगलं. नळ गळत होता आणि मला पत्ता नाही. सुतारानं बोटानं दाबलं तर भुसाच हातात आला. म्हणाला, "ताई, याला इलाज न्हाई. फेका, नवं बसवू." अगं बाई, चार वर्षं तरी झाली होती का! मी त्याच्यावर उगाच खेकसले. खरं तर मला आईच्या कपाटाची आठवण येत होती.

आमचं माहेर घाटनांदूरचं. पुढे अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, किराणा दुकान आणि मागे घर. मधल्या खोलीत आईचं सागवानी कपाट. तिच्या वडिलांनी बांधावरचा साग तोडून तिच्या लग्नात करून दिलेलं. पुढच्याच वर्षी ते गेले, म्हणून त्यांची आठवण म्हणजे हे कपाट. आणि खालच्या खणात त्यांनीच घेतलेलं इरकल लुगडं. आई ते नेसायची कमी आणि बघायची जास्त.

आमच्या भागात लाकूड पाण्यानं सडलं म्हटलं तर लोक हसतील. सडायला आधी पाणी तर पाहिजे! पण सडलं ते पाण्याच्या टंचाईनंच. एका दुष्काळाच्या साली नळ पंधरा दिवसांनी यायचा. अण्णांनी दोन मोठे मातीचे रांजण आणले आणि थेट मधल्या खोलीत, कपाटाला खेटून मांडले. अंगणात ठेवले तर लोक नेतील, ही धास्ती.

आई म्हणाली, "माझ्या कपाटापाशी नका ठेवू. रांजण पाझरतो."

अण्णा म्हणाले, "पाण्यापरीस कपाट मोठं हाय का?"

त्या साली खरंच नव्हतं मोठं. आईनं रांजणांवर झाकणं ठेवली.

रांजण पाझरत राहिले. कपाटामागची फरशी कायम ओली, पण मागे वाकून बघणार कोण? पाऊस पडून रांजण हलवले तेव्हा कपाट एका अंगाला कललं. मागचे दोन्ही पाय कुजलेले, पाठीच्या फळ्या फुगलेल्या, खालचा खण गच्च अडकलेला. अण्णांनी तो ओढून काढला. इरकलावर काळ्या बुरशीचे डाग पडले होते, तळहाताएवढे.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सगळे कपडे पत्र्याच्या पेटीत भरले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली अण्णांपुढे टाकली. "घ्या. तुमच्या रांजणाची राखण करा. मी ह्याला हात लावणार न्हाई."

अण्णांनी सुतारमामांना बोलावलं. त्यांनी कुजलेले पाय चार बोटं कापून बाभळीचे जोड बसवले, फळ्या उन्हात वाळवून पुन्हा ठोकल्या. अण्णांनी पायांखाली शहाबादीचे तुकडे दिले, भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं. आणि तेव्हापासून दरवर्षी, अक्षय तृतीया झाली की, जवसाचं तेल कोमट करून जुन्या धोतराच्या बोळ्यानं अख्खं कपाट चोळायचे. दुकान सोडून, सकाळची पूजा आटोपून, कपाळावर विभूती तशीच. पायांना तर दोन-दोन हात.

आई चुलीपुढून ऐकवायची, "बैल गेला अन् झोपा केला!"

अण्णा तेल चोळतच राहायचे. माफी मागणं हे त्यांच्या जिभेला माहीतच नव्हतं. मी एकदा वैतागून म्हणाले, "आई, तुला लोखंडी कपाट घेऊन देते, संपवा हे." त्यावर दोघंही माझ्यावरच तुटून पडले. जसं काही कपाट मीच भिजवलं होतं!

अशी अकरा वर्षं. रिकाम्या कपाटाला तेल, आणि आईची लुगडी पेटीत.

बाराव्या वर्षी मी सुट्टीला गेले होते. अण्णांचे गुडघे गेले होते. वरचा भाग त्यांनी खुर्चीवर बसून चोळला, पण पायांपाशी वाकता येईना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा "शिवा शिवा" करत उठले. मी पुढे होणार तोच आईनं पदर खोचला.

"सरका. तुमच्यानं होणार न्हाई."

फतकल मारून बसली आणि चारही पाय तेलानं चोळले. बाभळीच्या जोडांवरून बोट फिरवून बघितलं. मग, वर न बघता, तेलकट हात पुढे केला. "किल्ली द्या."

मला वाटलं, ती गल्ल्यात असेल, नाहीतर हरवली असेल. अण्णांनी सदरा वर केला. किल्ली करदोड्याला बांधलेली होती, अकरा वर्षं, अंगाला घासून गुळगुळीत झालेली. गाठ काही सुटेना. ते करदोडाच ओढायला लागले.

"कशापायी ओढताय? तुटंल की," आई म्हणाली आणि जवळ सरकून तिनंच ती गाठ सोडवली.

मग पेटीतलं डागाळलेलं इरकल आणून तिनं खालच्या खणात ठेवलं. सोबत वेखंडाची पुरचुंडी. खण आत ढकलताना म्हणाली, "तवा पाणी बी लागतंच होतं की."

अण्णा रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.