आज गेट बंद होणार नव्हतं

गलोंड्याच्या कारखान्याचा भोंगा सकाळी वाजला की अजूनही माझ्या पोटऱ्या ताठ होतात. मग हातातला चहा तसाच राहतो आणि धावण्याची ती माझी पहिली शर्यत आठवते. सिल्वासाहून दुधनीच्या रस्त्याला, एकवीस किलोमीटर.

शर्यत सुरू करायला कुणीतरी भोंगाच वाजवला होता. तो ऐकताच आम्ही सूतकारखान्यातले सगळे जीव घेऊन सुटलो. इतकी वर्षं त्या आवाजाचा आम्हाला एकच अर्थ ठाऊक होता: गेट बंद व्हायच्या आत कार्ड पंच करायचं, नाहीतर अर्धा दिवस गेला. तिसऱ्या किलोमीटरलाच बरगडीखाली कळ आली, तोंडाला लोखंडाची चव आली. पूर्ण करूनच येईन, असं बायकोला ऐटीत सांगून आलो होतो.

तेवढ्यात मागून आमच्या खात्यातले धुळ्याचे भास्करभाऊ आले, चक्क गप्पा मारत.

"अरे, आज गेट बंद नही होनार," ते म्हणाले. "बोलता येईन इतकंच पय."

मग मी त्यांच्याशी बोलत पळालो. चढावर शब्द तुटायला लागले की पाय आवरायचो. रस्त्याकडेचे साग आणि दुधनीकडच्या धरणावरून येणारा गार वारा तेव्हा कुठे जाणवला.

शेवटून चौथा आलो. शर्यत संपायची कमान अजून तशीच उभी होती आणि तिच्याखाली केळी घेऊन एक बाई थांबल्या होत्या.

"या, या, सावकाश या," त्या म्हणाल्या.

उशिरा पोचल्यावर असं मला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं.