म्हशीपुढचं गाऱ्हाणं

माय गेल्यावर म्हशीनं दूध चोरलं. सुरुवातीला कुणाचं लक्षच गेलं नाही. घरात माणसांची रीघ, बायका गळ्यात पडून रडतायत, त्यात गोठ्याकडं कोण बघणार? राख सावडून माणसं परत आली तेव्हा ती दावणीला पाय झाडत उभी होती. कास ताठून दगड झाली होती आणि ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

ही म्हैस मायनं बाटलीनं दूध पाजून जगवलेली. मोठी झाल्यावर तिनं मायशिवाय कुणाचा हात कासेला लागू दिला नाही, आणि मायलाही त्याचा भारी तोरा. वसमतला माझ्या घरी ती कधी मुक्कामाला राहिली नाही. म्हशीची धार कोण काढील, हे तिचं ठरलेलं उत्तर. मला त्या म्हशीचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

बाळापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांच्या सुईनं चार धारा आल्या आणि पुन्हा बंद. संध्याकाळपर्यंत कास मोकळी झाली नाही तर सड कायमचे जातील, एवढं सांगून ते गेले. धाकट्या भावानं मला बाजूला घेतलं. सड गेलेली म्हैस तो पोसणार नव्हता. सकाळी व्यापाऱ्याला बोलावतो म्हणाला. अशी म्हैस व्यापारी कुठं नेतात ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आज मायची राख सावडली आणि उद्या तिची म्हैस टेम्पोत चढणार.

भावानं सगळं करून पाहिलं. पेंड ठेवली, रेडकू कासेला लावलं, मागचे पाय बांधले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा तो तिच्या मिनतवाऱ्या करत बसला. शेवटी भावजयीनं मायचं लुगडं नेसलं. आलेल्या बायकांना ते खटकलं, सुतकात असं करतात का म्हणून कुजबुज झाली. म्हशीनं लुगडं हुंगलं, जरा शांत झाली. भावजय खाली बसली मात्र, एका लाथेत बादली भिंतीवर गेली.

ऊन उतरलं. भाऊ व्यापाऱ्याला फोन लावायला उठला, तेव्हा मला एकदम जाणवलं की गोठा किती गप्प आहे. दुखवट्याचं घर म्हणून सगळे हळू बोलत होते. माय कधी मुकाट्यानं धार काढायची नाही. ती म्हशीला गाऱ्हाणं सांगायची. तेही आबांचं, आमच्या वडिलांचं, आणि आबा समोरच्या ओट्यावर बसलेले असताना. लेकी बोले सुने लागे, फक्त लेकीच्या जागी म्हैस. म्हशी बदलल्या, गाऱ्हाणं तेच राहिलं. त्यांच्या तोंडावर मात्र ती जन्मात एक शब्द बोलली नाही. आबा तंबाखू मळत असे बसायचे की कानात बोळे घातलेत. आम्ही भावंडं हसायचो. त्यांना कमी ऐकू येतं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

लुगडं मी नेसले आणि कासेपाशी बसले. आबा ओट्यावरच होते, गुडघ्यात मान घालून. माय गेल्यापासून ते कुणाशी बोलले नव्हते. त्यांच्यासमोर, पाहुण्यांसमोर, त्यांचीच उणीदुणी काढायची होती.

"ऐक गं बाई," मी मायच्या सुरात सुरू केलं. "बाजारात साऱ्या गावाला च्या पाजतेत, अन् घरी आले की यांचं डोकं दुखतंय. भाजीत मीठ कमी पडलं तर बराबर कळतंय. चांगली झाली तर तोंडाला कुलूप."

म्हशीनं कान हलवला. ओट्यावर कुणीतरी खाकरलं. भाऊ मला गप्प करायला पुढं आला, मी त्याला हातानंच थांबवलं. न सांगता जेवायला आणलेले सोयरे, तापात उठवून मागितलेला चहा, सगळं बोलले. सडातून थेंब येऊ लागले. मग माझ्याकडचं संपलं. तेच पुन्हा म्हणू लागले तशी म्हैस पाय आपटायला लागली आणि थेंबही थांबले.

"माहेरचं ऱ्हायलं," आबा म्हणाले.

मी वळून पाहिलं. त्यांनी मान वर केली नव्हती.

"तिची माय गेली तवा फोन सकाळीच आलता. हळद शिजाया लावली होती, काम अडलं असतं. म्हनून मी तिला सांजच्याला सांगितलं. ती पोचली तवर सारं उरकलं होतं. शेवटाला ती तेच सांगायची, हळू."

धार संपता संपता माय कासेला कपाळ टेकवायची. ती दमते, असं आम्हाला वाटायचं. आजी गेली तेव्हा मी सासरी होते. निरोपच उशिरा आला, असं मायनं मला सांगितलं होतं. आमच्या नजरेतून बाप उतरू नये म्हणून तिनं ते आमच्यापासून झाकलं, आणि ज्याला ऐकवायचं त्याला रोज ऐकवलं. मला आबांचा इतका संताप आला की बादली फेकून उठून जावंसं वाटलं. पण सड हातात होते.

मी कासेला कपाळ टेकवलं. "माह्या मायचं तोंड पाहू दिलं न्हाई गं बाई," मी म्हणाले. म्हशीनं लांब श्वास सोडला आणि धार बादलीच्या तळावर वाजली. मी रडत होते आणि पिळत होते. भावानं फोन खिशात ठेवला.

कास मोकळी होईपर्यंत आबा तिथंच बसून राहिले. मग भिंतीला धरून उठले आणि गोठ्यात आले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर ती बिचकली. त्यांनी हात मागं घेतला.

"तू काय, चार दिसांनी वसमतला जाशील," ते मला म्हणाले. "धारंला मी बसत जाईन. मला समदं पाठ हाय."